वर्डप्रेसची मराठी साइट दुसऱ्या सर्व्हरवर नेताना अक्षरं शाबूत कशी ठेवायची

साइट हलवताना एन्कोडिंगचा (अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीचा) घोळ झाला तरी इंग्रजी मजकुराचं फारसं बिघडत नाही. एखादं अवतरणचिन्ह विचित्र दिसतं, एवढंच. मराठी साइटचा मात्र पार चुराडा होतो. यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला १ बाइट पुरतो; देवनागरीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि चिन्हांमध्ये काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे आले. 'पुणे' हा शब्द प, उकार, ण आणि मात्रा असा ४ चिन्हांचा, म्हणजे १२ बाइटांचा. डम्प (डेटाबेसची संपूर्ण प्रत एका फाइलीत) काढणारा प्रोग्रॅम, मधे उघडलेला एडिटर, आयात करणारा प्रोग्रॅम आणि वर्डप्रेसची डेटाबेसशी होणारी जोडणी, या चौघांपैकी एकानेही वेगळं एन्कोडिंग गृहीत धरलं की त्या १२ बाइटांचं काहीतरी भलतंच होऊन बसतं.

पुढची पद्धत स्वतःच्या होस्टिंगवर चालणाऱ्या वर्डप्रेससाठी आहे. जास्त जागा मुद्दाम अक्षरांच्या, पत्त्यांच्या आणि फाइलनावांच्या अडचणींना दिली आहे, कारण नेहमीच्या मार्गदर्शिकांमध्ये नेमकं तेच सापडत नाही.

हलवण्याआधी काय टिपून ठेवायचं

जुन्या सर्व्हरवरची पीएचपीची आवृत्ती, डेटाबेस मायएसक्यूएल आहे की मारियाडीबी आणि त्याची आवृत्ती, टेबलांचा उपसर्ग (मूळचा 'डब्ल्यूपी' आणि अधोरेखा असा असतो, पण बऱ्याच जणांनी बदललेला असतो), अपलोड फोल्डरचा आकार, चालू प्लगइनांची यादी, आणि सर्व्हरवर लावलेले क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं). हे सगळं एका कागदावर किंवा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा.

त्यानंतर पीएचपी-माय-अ‍ॅडमिनमध्ये डेटाबेस उघडा आणि प्रत्येक टेबलासमोरचा कोलेशनचा (अक्षरांच्या तुलनेच्या नियमाचा) रकाना वाचा. मूळ वर्डप्रेसची टेबलं १२ असतात, बाकीची प्लगइनांची. सगळीकडे 'यूटीएफ८एमबी४'ने (डेटाबेसमधलं ४ बाइटांपर्यंतचं पूर्ण यूटीएफ-८) सुरू होणारं नाव दिसलं तर अर्धी काळजी मिटली. 'लॅटिन१' दिसलं तर थांबा, कारण तिथे मराठी मजकूर चुकीच्या लेबलाखाली साठवलेला आहे. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये कॅरेक्टर सेटची (डेटाबेसच्या एन्कोडिंगची) ओळ २००७ साली आवृत्ती २.२ पासून आली. त्याआधी सुरू झालेल्या साइटवर यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन१ च्या टेबलांत जसेच्या तसे जाऊन पडायचे आणि तसेच परत निघायचे, त्यामुळे पानावर सगळं नीट दिसायचं. पुढे एप्रिल २०१५ मध्ये आवृत्ती ४.२ ने यूटीएफ८ टेबलं यूटीएफ८एमबी४ केली, पण लॅटिन१ टेबलांना हात लावला नाही. अशा साइटचा आजार हलवण्याच्या दिवशीच बाहेर पडतो.

आणखी एक काम आदल्या दिवशी करायचं: डीएनएसमधल्या ए रेकॉर्डचा (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, ३०० सेकंदांवर आणा. तो १४४०० किंवा ८६४०० असेल, तर पत्ता बदलल्यावरही काही वाचक तेवढा वेळ जुन्या सर्व्हरवरच जात राहतील.

सर्व्हर बदलणं, पीएचपीची आवृत्ती चढवणं, थीम बदलणं आणि डोमेन बदलणं ही चार कामं एकाच रात्री उरकू नयेत. काही मोडलं तर कशामुळे मोडलं ते कळायचा मार्गच उरत नाही. नव्या सर्व्हरवर शक्यतो जुनीच पीएचपी आवृत्ती निवडा, साइट आठवडाभर नीट चालू द्या, मग आवृत्ती चढवा.

चाचणीचं पान

हलवण्याआधी जुन्या साइटवर एक खासगी पान तयार करा आणि त्यात हे शब्द लिहा: झुळझुळ, ऐश्वर्य, एकवीस, सुऱ्या, वाङ्मय, ऑगस्ट, कुत्र्याचं. शेवटी एक इमोजी टाका.

या शब्दांची निवड सहज म्हणून केलेली नाही. विंडोज-१२५२ या जुन्या एन्कोडिंगमध्ये ५ बाइटांना अक्षरच दिलेलं नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता देवनागरीकडे पाहा. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी. उकाराचा ८१. ए चा ८एफ, ऐ चा ९० आणि झ चा ९डी. मजकूर चुकून या एन्कोडिंगमधून गेला आणि तिथेच सेव्ह झाला, तर बाकीची अक्षरं पुढे दुरुस्त करता येतात. ही मात्र कायमची जाऊ शकतात. जोडाक्षरं सुटी होतात, उकार गळतात, 'झ' च्या जागी कचरा राहतो. इमोजीला ४ बाइट लागतात. टेबल जुन्या ३ बाइटांच्या यूटीएफ८ चं असेल तर इमोजीपासून पुढचा मजकूर कापला जातो, नाहीतर आयात त्रुटी देऊन थांबते. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर हे एकच पान पाहिलं की पुरतं.

बॅकअप

दोन गोष्टी हव्यात: फाइली आणि डेटाबेस. फाइलींमध्ये डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर, कॉन्फिग फाइल आणि एचटीअ‍ॅक्सेस. ही शेवटची फाइल अपाचे या वेब सर्व्हरच्या सेटिंगची; तिचं नाव टिंबाने सुरू होतं, त्यामुळे एफटीपी प्रोग्रॅममध्ये ती दडलेली राहते आणि हमखास मागे सुटते. लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय आधी चालू करा.

डेटाबेसचा डम्प कमांडलाइनवरून काढता आला तर उत्तम. काढताना कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ असा स्पष्ट सांगा. सर्व्हरच्या मूळ सेटिंगवर सोडू नका. डम्प झाल्यावर त्याची शेवटची ओळ वाचा. मायएसक्यूएलच्या डम्पच्या शेवटी 'डम्प कम्प्लीटेड' आणि तारीख असते. ती नसेल तर फाइल मधेच तुटली आहे, मग आकार कितीही भरवशाचा वाटो. त्यानंतर चाचणीच्या पानातला 'झुळझुळ' हा शब्द डम्पमध्ये शोधा. मराठीत वाचता आला तर पुढे जा.

डम्पची फाइल एक्सेलमध्ये किंवा वर्डमध्ये उघडू नका. नोटपॅडही टाळलेलं बरं. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीआधीचं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाचे ३ अदृश्य बाइट लावतं. तेच बाइट कॉन्फिग फाइलच्या सुरुवातीला शिरले तर 'हेडर्स ऑलरेडी सेंट' अशी त्रुटी येते, आणि एचटीअ‍ॅक्सेसमध्ये शिरले तर साइट थेट ५०० (सर्व्हरची त्रुटी) दाखवते. नोटपॅड-प्लस-प्लस किंवा व्हीएस कोडमध्ये 'बीओएम नसलेलं यूटीएफ-८' निवडून काम करा.

वर्डप्रेसच्या टूल्स मेनूतली निर्यात कामाची आहे, पण तिला स्थलांतर समजू नये. तिच्यातून लेख, पानं, टिप्पण्या, वर्ग येतात. विजेट, थीमची सेटिंग, प्लगइनांची टेबलं येत नाहीत. शिवाय चित्रं त्या फाइलीत नसतात. आयात करताना ती जुन्या साइटवरून ओढली जातात, म्हणून जुनी साइट तोवर चालू असावी लागते. शंभरेक लेखांच्या ब्लॉगला ही वाट ठीक आहे.

नव्या सर्व्हरवर आयात

रिकामा डेटाबेस यूटीएफ८एमबी४ कॅरेक्टर सेटचाच तयार करा. पीएचपी-माय-अ‍ॅडमिनमधून आयात करायला गेलात तर फाइलच्या आकाराची मर्यादा आडवी येते. पीएचपीची मूळ मर्यादा फक्त २ एमबीची आहे. कमांडलाइनवरून आयात करा आणि इथेही कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ सांगा.

इथे तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, 'अननोन कोलेशन' अशी त्रुटी, आणि पुढे ०९०० हा आकडा असलेलं नाव. हे कोलेशन मायएसक्यूएल ८ मध्ये आलं. डम्प तिथला आणि नवा सर्व्हर मायएसक्यूएल ५.७ चा किंवा जुन्या मारियाडीबीचा असेल तर त्याला ते ओळखू येत नाही. डम्पची प्रत करून त्या नावाच्या जागी सगळीकडे 'यूटीएफ८एमबी४-युनिकोड-५२०-सीआय' हे नाव घाला, अर्थात अधोरेखांसह, आणि पुन्हा आयात करा. याने मजकुराचे बाइट बदलत नाहीत, फक्त क्रम लावायचा आणि तुलनेचा नियम बदलतो.

दुसरं, 'की खूप लांब आहे, कमाल ७६७ बाइट' अशा अर्थाची त्रुटी. जुन्या डेटाबेसमध्ये इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइटांची असते. यूटीएफ८एमबी४ मध्ये एका अक्षराला ४ बाइट धरले तर १९१ अक्षरं बसतात, १९२ बसत नाहीत. वर्डप्रेसची स्वतःची टेबलं १९१ चाच इंडेक्स वापरतात. अडतात ती एखाद्या प्लगइनची. नव्या आवृत्तीचा डेटाबेस मागून घेणं हा खरा उपाय.

तिसरं, 'सर्व्हर हॅज गॉन अवे'. डम्पमधली एखादी ओळ सर्व्हरने मान्य केलेल्या पॅकेटपेक्षा मोठी असते. कमाल पॅकेटचं सेटिंग ६४ एमबी करून घ्या. शेअर्ड होस्टिंगवर ते हातात नसेल तर प्रत्येक नोंदीची वेगळी इन्सर्ट ओळ निघेल असा पर्याय लावून डम्प पुन्हा काढा.

मग कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड, होस्ट आणि टेबलांचा उपसर्ग या पाच जागा बदला किंवा तपासा. कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा, कोलेशनची जागा रिकामी सोडा. उपसर्ग चुकला तर वर्डप्रेस टेबलं नाहीतच असं समजून नव्याने इन्स्टॉल करण्याचं पान दाखवतं. त्या पानावर घाबरून नाव-पासवर्ड भरू नका. कॉन्फिगमधला उपसर्ग बघा.

अक्षरं बिघडलेली दिसली तर

आधी नीट बघा की नेमकं कसं बिघडलंय. सगळ्या कचऱ्याचा आजार एकच नसतो.

रोमन अक्षरांचा कचरा: डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए, त्यामागे चार कोपऱ्यांना टोकं असलेलं गोल चलनचिन्ह, मधूनच जपानी येनचं चिन्ह, आणि हेच पुनःपुन्हा. 'म' हे अक्षर ई०, ए४, एई या तीन बाइटांचं असतं आणि ते तिन्ही कुणीतरी सुटे वाचले की असं दिसतं. व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी यांत चलनचिन्ह येतं. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त यांत येन येतो. हे ओळखीचं चित्र दिसलं तर सुटकेचा श्वास घ्या: माहिती शाबूत आहे, फक्त लेबल चुकलंय.

प्रश्नचिन्हं: 'महाराष्ट्र'च्या जागी सलग १० प्रश्नचिन्हं. मोजून पाहा, शब्दातल्या युनिकोड चिन्हांइतकीच भरतील. हे बहुधा आयातीच्या वेळी डेटाबेसने खरोखर बदलून टाकलेलं असतं आणि त्यातून मूळ अक्षर परत मिळत नाही. दुरुस्त करत बसू नका. डेटाबेस पुसा आणि मूळ डम्पवरून पुन्हा आयात करा. म्हणूनच मूळ डम्पवर कधी काम करायचं नसतं, नेहमी प्रतीवर.

काळ्या चौकटीतलं एखाददुसरं प्रश्नचिन्ह, तेही लेखाच्या सारांशाच्या शेवटी: इथे स्थलांतराचा दोषच नाही. थीम किंवा प्लगइन मजकूर बाइट मोजून कापतंय आणि ३ बाइटांचं अक्षर मधोमध चिरलं जातंय. कोडमध्ये 'सबस्ट्र'च्या जागी 'एमबी-सबस्ट्र' वापरायला हवं, आणि नव्या सर्व्हरवर पीएचपीचं एमबीस्ट्रिंग एक्स्टेन्शन चालू हवं.

रिकामे चौकोन: फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत, किंवा फॉन्टची फाइल नव्या पत्त्यावरून येत नाही. डेटाबेसला हात लावू नका.

आता पहिल्या प्रकारची दुरुस्ती. जुनी साइट लॅटिन१ टेबलांवर चालत होती आणि कॉन्फिगमध्ये कॅरेक्टर सेटची ओळच नव्हती, तर नव्या कॉन्फिगमध्येही तिथे लॅटिन१ ठेवून पाहा. मजकूर लगेच नीट दिसला तर निदान पक्कं झालं. पण तसंच सोडू नका. पुढच्या स्थलांतरात हेच पुन्हा भोगावं लागेल.

कायमच्या उपायासाठी जुन्या सर्व्हरवरून डम्प पुन्हा काढायचा, या वेळी कॅरेक्टर सेट लॅटिन१ सांगून आणि 'सेट नेम्स'ची (जोडणीचं एन्कोडिंग ठरवणारी) ओळ वगळण्याचा पर्याय लावून. टेबल लॅटिन१, जोडणीही लॅटिन१, त्यामुळे मधे कसलंच रूपांतर होत नाही आणि बाइट जसेच्या तसे बाहेर येतात. ही फाइल यूटीएफ-८ म्हणून एडिटरमध्ये उघडा. मराठी नीट वाचता आली पाहिजे. हीच खरी परीक्षा. मग टेबलांच्या व्याख्येतलं लॅटिन१ बदलून यूटीएफ८एमबी४ करा, लॅटिन१ चं कोलेशन जिथे लिहिलं असेल तेही बदला, आणि यूटीएफ८एमबी४ सांगून आयात करा.

'कन्व्हर्ट टू' हा आदेश थेट त्या टेबलांवर चालवू नका. डेटाबेसला वाटतं की आत खरंच लॅटिन१ अक्षरं आहेत. मग तो त्या कचऱ्याचंच इमानेइतबारे यूटीएफ-८ करून ठेवतो. आता एकाच मजकुरावर दोन थर चढले. डम्पशिवाय जागच्या जागी दुरुस्ती करायचीच असेल तर प्रत्येक स्तंभ आधी बायनरी प्रकारात न्यायचा (लाँगटेक्स्टचा लाँगब्लॉब, व्हारकॅरचा व्हारबायनरी) आणि तिथून यूटीएफ८एमबी४ मध्ये आणायचा. बायनरीला अक्षरांशी देणंघेणं नसतं, म्हणून तो बाइटांना हात लावत नाही.

फार जुन्या साइटवर पाचवीच गोष्ट निघते: मजकूर युनिकोडमध्ये नाहीच, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. फॉन्ट काढला की अर्थहीन रोमन अक्षरं उरतात. इथे एन्कोडिंगचा कुठलाच उपाय चालत नाही, त्या फॉन्टचा परिवर्तकच लागतो. परिवर्तनानंतर पहिली वेलांटी आणि रफार दोन्ही तपासा, कारण त्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर लागते. 'स्थिती', 'कीर्ती', 'वर्षांनी' हे शब्द शोधून पाहिले की चूक लगेच सापडते.

डोमेन बदलत असेल तर

डोमेन तेच ठेवून फक्त सर्व्हर बदलत असाल तर हा भाग सोडून पुढे जा.

जुना पत्ता डेटाबेसमध्ये शेकडो ठिकाणी असतो: ऑप्शन्स टेबलात 'साइटयूआरएल' आणि 'होम' या दोन नोंदींत, लेखांतल्या चित्रांच्या दुव्यांत, विजेटांत, थीमच्या सेटिंगमध्ये. पहिला मोह होतो तो डम्प एडिटरमध्ये उघडून 'शोधा आणि बदला' करण्याचा. तिथेच माशी शिंकते. विजेटांची आणि थीमची माहिती सीरियलाइज्ड स्वरूपात साठवलेली असते, म्हणजे प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी बाइटांमध्ये लिहिलेली असते. 'पुणे' या शब्दाआधी १२ असतं, ४ नव्हे. पत्त्यात 'एचटीटीपी'चं 'एचटीटीपीएस' केलं तरी एक बाइट वाढतो, आणि आधीचा आकडा जुनाच राहतो. पीएचपीला लांबी जुळली नाही की ती पूर्ण नोंद वाचायलाच नकार देते. परिणाम: लेख सगळे दिसतात, पण साइडबार रिकामा, लोगो गायब, मुखपृष्ठाची मांडणी विस्कटलेली. कुठलीही त्रुटी दिसत नाही, म्हणून कारण शोधायला तास जातात.

डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांडलाइन साधनाचा सर्च-रिप्लेस आदेश ही लांबी स्वतः पुन्हा मोजतो. आधी ड्राय-रन पर्याय लावून किती ठिकाणी बदल होणार ते पाहा, मग खरा चालवा. जीयूआयडी हा स्तंभ वगळा: ती लेखाची कायमची ओळख असते, ती बदलली तर फीड वाचणाऱ्या प्रोग्रॅमना जुने सगळे लेख नवे वाटतात. पेज-बिल्डर वापरत असाल तर दुसरी फेरीही मारा. त्यांची माहिती जेसॉनमध्ये असते आणि तिथे पत्त्यातल्या प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक उलटी तिरकी रेघ असते, त्यामुळे पहिल्या फेरीत ते पत्ते सापडतच नाहीत.

मराठी पत्ते आणि मराठी फाइलनावं

लेखाचा दुवा, म्हणजे स्लग, देवनागरीत ठेवला तर डेटाबेसमध्ये तो टक्केचिन्हांच्या रूपात साठतो. एका देवनागरी चिन्हाला ९ जागा जातात आणि स्लगच्या स्तंभात २०० जागा आहेत. म्हणजे फार तर २२ चिन्हं. 'महाराष्ट्रातील किल्ल्यांची सविस्तर माहिती' हे शीर्षक घेऊ. 'महाराष्ट्रातील' मध्ये १४ चिन्हं, म्हणजे १२६ जागा. एक जागा जोडरेषेला. उरलेल्या ७३ मध्ये ८ चिन्हं बसतात. स्लग तयार होतो 'महाराष्ट्रातील-किल्ल्या', आणि पुढचं सगळं कापलं जातं. मग 'महाराष्ट्रातील किल्ल्यांचा इतिहास' असा दुसरा लेख आला की त्याचाही स्लग तोच निघतो. शेवटी २ जोडायला जागा करावी लागते, म्हणून शेवटचा कानाही जातो.

स्थलांतरात याचा त्रास असा की, शीर्षकावरून जुना पत्ता ताडता येत नाही. नव्या साइटवर लेख पुन्हा टाकून 'पत्ता आपोआप तोच येईल' असं धरू नका. क्रम बदलला की २ दुसऱ्याच लेखाला लागतो. जुन्या स्लगांची यादी डेटाबेसमधूनच काढा.

पुनर्निर्देशन अपाचेत लिहित असाल तर लक्षात ठेवा: रिडायरेक्ट आणि रीराइटरूल हे दोन्ही टक्केचिन्हं उलगडलेल्या पत्त्याशी तुलना करतात. म्हणून जुन्या पत्त्याच्या जागी टक्केचिन्हांची माळ चिकटवली तर नियम कधीच लागू होत नाही. तिथे सरळ देवनागरी लिहा आणि फाइल बीओएम नसलेल्या यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

चित्रांच्या फाइलनावांचं दुखणं वेगळं. विंडोजवर झिप करून लिनक्सवर उलगडली की देवनागरी नावं बिघडू शकतात. डेटाबेसमध्ये एक नाव आणि डिस्कवर दुसरं, मग चित्र ४०४ (सापडत नाही). दोन्हीकडे एसएसएच (सर्व्हरवर दुरून कमांडलाइन चालवण्याची सोय) मिळत असेल तर आर-सिंक या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने सर्व्हरवरून सर्व्हरवर थेट न्या, किंवा टार (फाइलींचा एक गठ्ठा करण्याची पद्धत) वापरा. आपल्या मशीनवर उतरवून पुन्हा चढवणं टाळा, विशेषतः जुन्या मॅकवर. त्याची एचएफएस-प्लस ही फाइल व्यवस्था 'ऱ' हे एक चिन्ह मोडून 'र' आणि नुक्ता अशी दोन चिन्हं करते. 'वाऱ्याची-दिशा' नावाचं चित्र डोळ्यांना तेच दिसतं, पण बाइट वेगळे, म्हणून सर्व्हरला सापडत नाही. 'ळ' ला असं काही होत नाही. लिनक्सवर नावाची मर्यादा बहुधा २५५ बाइटांची असते, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं. इथून पुढे चित्रांना रोमन लिपीत छोटी नावं द्यावीत हे बरं. मराठी मजकूर ऑल्ट टेक्स्टमध्ये लिहावा, तो तिथेच वाचकाच्या कामी येतो.

लोकांना दाखवण्याआधी तपासणी

आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी आणि डोमेन एका ओळीत लिहिलं की फक्त आपल्याला नवी साइट दिसते, जगाला जुनीच. विंडोजवर ती फाइल सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात ईटीसी या उपफोल्डरात असते. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्याशिवाय सेव्ह होत नाही. तपासणी झाल्यावर ती ओळ काढा, नाहीतर पुढे कधी सर्व्हर बदलला की आपल्यालाच साइट बंद दिसेल.

फोल्डरांच्या परवानग्या ७५५, फाइलींच्या ६४४, कॉन्फिग फाइल ६४० किंवा ६००. ७७७ कधीही नको. अपलोड होत नसेल तर बहुधा फाइलींचा मालक चुकलेला असतो. मग सेटिंग्जमध्ये पर्मालिंकचं पान उघडून काही न बदलता सेव्ह करा. मुखपृष्ठ उघडतंय पण प्रत्येक लेख ४०४ देतोय, या तक्रारीचं अपाचेवरचं नेहमीचं उत्तर हेच. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर एचटीअ‍ॅक्सेस चालत नाही, तिथे ट्राय-फाइल्सचा नियम सर्व्हरच्या सेटिंगमध्ये लिहावा लागतो.

चाचणीचं पान पाहा, नवा मराठी लेख लिहून सेव्ह करा आणि पुन्हा उघडा, मराठी शब्दाचा शोध घ्या, संपर्काचा फॉर्म भरून मेल येतो का बघा. नव्या सर्व्हरवर पीएचपीचा साधा मेल बंद असणं किंवा स्पॅममध्ये जाणं फार होतं. एसएमटीपीचं प्लगइन लावून पोर्ट ५८७ वापरा.

पत्ता बदलण्याची रात्र

जुन्या साइटवर टिप्पण्या आणि नवं लेखन थांबवा, डेटाबेसचा ताजा डम्प घेऊन तो नव्या ठिकाणी आयात करा, अपलोड फोल्डर आर-सिंकने पुन्हा जुळवा. मग डीएनएसमध्ये फक्त ए रेकॉर्ड बदला. नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या नोंदी सांभाळणारा सर्व्हर) बदलू नका. नेमसर्व्हर बदलला की एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम हे ईमेलचे रेकॉर्ड मागे राहतात आणि साइट झकास चालू असताना कार्यालयाचे मेल बंद पडतात. बदलायचाच असेल तर आधी एकूण एक रेकॉर्ड नव्या जागी भरून घ्या.

लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र नेहमीच्या पद्धतीने मिळायला डोमेन नव्या सर्व्हरकडे वळलेलं असावं लागतं, म्हणून मधली काही मिनिटं ब्राउझर धोक्याची सूचना देऊ शकतो. ती टाळायची तर डीएनएस पडताळणीने प्रमाणपत्र आधीच घ्या, किंवा जुनं प्रमाणपत्र आणि त्याची की नव्या सर्व्हरवर लावा.

नंतर काही अडलं तर

पांढरं पान किंवा 'गंभीर त्रुटी': आवृत्ती ५.२ पासून वर्डप्रेस प्रशासकाच्या ईमेलवर रिकव्हरी मोडचा दुवा पाठवतं, पण मेलच चालत नसेल तर तोही येत नाही. कॉन्फिगमध्ये डीबग आणि डीबग-लॉग चालू, डीबग-डिस्प्ले बंद करा, पान पुन्हा उघडा आणि डब्ल्यूपी-कंटेंटमधली डीबग-लॉग फाइल वाचा. 'फेटल एरर'च्या ओळीत प्लगइनच्या फोल्डरचं नाव दिसतं. एफटीपीने तेवढ्या फोल्डरचं नाव बदला, प्लगइन आपोआप बंद होतं. काम झालं की लॉग पुसा आणि डीबग बंद करा, कारण ती फाइल बाहेरून कुणालाही उघडता येऊ शकते.

'टू मेनी रिडायरेक्ट्स': मधे क्लाउडफ्लेअर असेल आणि तिथे एसएसएल 'फ्लेक्सिबल'वर असेल, तर क्लाउडफ्लेअर सर्व्हरकडे एचटीटीपीने जातं, वर्डप्रेस एचटीटीपीएसकडे परत पाठवतं, आणि हे गरगरत राहतं. 'फुल स्ट्रिक्ट' निवडा. क्लाउडफ्लेअर नसेल तर 'होम' आणि 'साइटयूआरएल' यांत एकीकडे तीन डब्ल्यू आणि दुसरीकडे नाही, असं झालंय का बघा.

लॉगिन होतं पण 'परवानगी नाही' असं येतं: टेबलांचा उपसर्ग बदलला असेल, पण युजरमेटामधल्या 'कॅपेबिलिटीज'च्या आणि ऑप्शन्समधल्या 'युजर-रोल्स'च्या नोंदींच्या नावात जुनाच उपसर्ग राहिलाय. तो तिथेही बदलावा लागतो.

ठरवलेल्या वेळेचा लेख प्रसिद्ध होत नाही: वर्डप्रेसचा क्रॉन कुणी पान उघडलं तरच धावतो. सर्व्हरच्या क्रॉनमधून दर ५ मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉन फाइल चालवा आणि कॉन्फिगमध्ये आतला क्रॉन बंद करा. सेटिंग्जमध्ये वेळ 'कोलकाता' आहे का, तेही बघून घ्या.

देखभालीचा संदेश हटत नाही: अपडेट मधेच तुटलंय. मूळ फोल्डरातली टिंबाने सुरू होणारी मेंटेनन्स फाइल काढा.

जुनं होस्टिंग किमान महिनाभर बंद करू नका. पहिल्या आठवड्यात रोज नव्या सर्व्हरच्या लॉगमधले ४०४ वाचा आणि त्यातले जे पत्ते टक्केचिन्हांनी भरलेले आहेत ते उलगडून पाहा. सुटलेली चित्रं आणि तुटलेले स्लग तिथेच सापडतात, आणि ती फाइल जुन्या डिस्कवर असेपर्यंतच परत आणता येते. होस्टिंग बंद करण्याच्या दिवशी शेवटचा डम्प आणि अपलोड फोल्डरचा टार दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या, डम्प उघडून त्यातला 'झुळझुळ' हा शब्द एकदा वाचा, आणि मगच खातं बंद करा.